खटल्यातून सुटका झाली. बंदूक परत कधी?

गुन्ह्याची नोंद, शस्त्र परवाना आणि कायद्यातील पाच वर्षांची अट

धाराशिव/ प्रतिनिधी

शेताच्या बांधावरून हाणामारी होते. दोन्ही बाजूंच्या परस्परविरोधी फिर्यादी पोलीस ठाण्यात दाखल होतात. त्यातील एका घरात आजोबांच्या काळापासून परवान्याची बारा बोअरची बंदूक असते. पोलीस ती जमा करून घेतात. काही दिवसांतच जिल्हाधिकारी कार्यालयाची नोटीस येते आणि परवाना निलंबित अथवा रद्द होतो. पुढे कित्येक वर्षे न्यायालयात तारखा पडत राहतात. अखेर साक्षीदार फितूर होतात किंवा गावातील जाणती मंडळी तडजोड घडवून आणतात आणि आरोपींची निर्दोष मुक्तता होते. निकालपत्राची नक्कल घेऊन तो शेतकरी पोलीस ठाण्यात जातो, तेव्हा त्याला सांगण्यात येते, ‘परवाना दाखवा आणि बंदूक घेऊन जा.’ जिल्हाधिकारी कार्यालयात गेल्यावर उत्तर मिळते, ‘पोलिसांचा अहवाल येऊ द्या.’ पोलिसांच्या संगणकावर मात्र त्याच्या नावापुढे जुना गुन्हा तसाच दिसत असतो.

मराठवाड्यातील कोणत्याही जिल्ह्यात घडू शकेल असा हा प्रसंग आहे. निर्दोष सुटलो म्हणजे सारे पूर्ववत झाले, अशी सर्वसामान्यांची समजूत असते. प्रत्यक्षात न्यायालयाचा निकाल, पोलिसांची नोंद, जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना आणि जमा असलेले हत्यार या चार स्वतंत्र बाबी आहेत. त्यांचे कायदे वेगळे, अधिकारी वेगळे आणि मुदतीही वेगळ्या. एक बाब निकाली निघाली की उरलेल्या तीन आपोआप सुटत नाहीत.

या प्रश्नाकडे अलीकडे पुन्हा लक्ष वेधले गेले ते शेजारच्या बीड जिल्ह्यातील घडामोडींमुळे. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर बीड जिल्ह्यातील शस्त्र परवान्यांची संख्या हा राज्यभर चर्चेचा विषय झाला आणि गुन्हे दाखल असलेल्या व्यक्तींच्या परवान्यांची फेरतपासणी करून अनेक परवाने रद्द करण्यात आले. केज आणि कळंब हे तालुके एकमेकांना लागून आहेत. ज्यांच्या हातात शस्त्र असू नये त्यांच्याकडून ते काढून घेणे आवश्यकच आहे. परंतु ज्याच्यावरील आरोप टिकला नाही, अथवा ज्याने शिक्षा भोगून झाल्यावर अनेक वर्षे सरळ मार्गाने घालवली, त्याच्यासाठी कायद्यात कोणती वाट आहे, हेही नागरिकांना ठाऊक असावयास हवे.

हक्क नव्हे, परवानगी

मुळात भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ मध्ये झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीने तेथील नागरिकांना शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला. आपल्या राज्यघटनेत तशी तरतूद नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील एका जामीन प्रकरणाच्या सुनावणीत विनापरवाना शस्त्रांच्या सुळसुळाटाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा हाच फरक अधोरेखित केला होता.

ब्रिटिशांनी १८७८ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत केलेल्या शस्त्र कायद्याचा हेतू प्रजेला निःशस्त्र ठेवण्याचा होता. त्याची जागा स्वतंत्र भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ ने घेतली. १ ऑक्टोबर १९६२ पासून हा कायदा अमलात आला. सध्या त्याच्या जोडीला शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. कायद्याच्या कलम ३ नुसार बंदूक, पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर बाळगण्यासाठी परवाना बंधनकारक आहे. डिसेंबर २०१९ मधील दुरुस्तीने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षाही त्याच वेळी वाढली. गावठी कट्टा कमरेला लावून फिरणाऱ्यास आता किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास होऊ शकतो. लग्नाच्या वरातीत किंवा निवडणुकीच्या विजयोत्सवात हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हादेखील याच दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरला.

धाराशिव जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नसल्यामुळे परवाना देण्याचा, नाकारण्याचा अथवा रद्द करण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. पोलीस केवळ चौकशी करून अहवाल देतात. हा अहवाल निर्णय नव्हे, तर शिफारस आहे. अर्जदाराने हा फरक सुरुवातीपासून ध्यानात ठेवणे हिताचे ठरते.

पाच वर्षांची अट नेमकी कोणाला?

शस्त्र अधिनियमाचे कलम ९ हे या विषयाचे मर्म आहे. हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरून ज्याला कारावासाची शिक्षा झाली आहे, अशा व्यक्तीस ती शिक्षा संपल्यापासून पाच वर्षेपर्यंत अग्निशस्त्र अथवा दारूगोळा घेता वा बाळगता येत नाही. कारावास किती दिवसांचा, याला महत्त्व नाही. पूर्वी किमान सहा महिन्यांच्या कारावासाची अट होती. ती नंतरच्या दुरुस्तीने गेली.

या वाक्यातील प्रत्येक शब्द तोलून वाचण्यासारखा आहे. पहिली गोष्ट म्हणजे, केवळ गुन्हा दाखल झाला म्हणून ही बंदी लागू होत नाही. त्यासाठी दोषसिद्धी आवश्यक आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, गुन्हा हिंसाचाराचा अथवा नैतिक अधःपतनाचा असला पाहिजे. आंदोलनात रस्ता अडवला किंवा वाहतुकीचा नियम मोडला, एवढ्यावरून हे कलम लागू होत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे, शिक्षा कारावासाची असली पाहिजे. निव्वळ दंडावर सुटलेल्या व्यक्तीस ही विशिष्ट बंदी लागत नाही. चौथी आणि सर्वात दुर्लक्षिली जाणारी गोष्ट म्हणजे, पाच वर्षे मोजावयाची ती गुन्ह्याच्या अथवा निकालाच्या तारखेपासून नव्हे, तर शिक्षा संपल्याच्या तारखेपासून.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, कळंब तालुक्यातील एका शेतकऱ्यास २०१२ मध्ये मारहाणीच्या गुन्ह्यात एक वर्षाची शिक्षा झाली. त्याने सत्र न्यायालयात अपील केले, शिक्षेला स्थगिती मिळाली आणि तो जामिनावर राहिला. अपील २०१६ मध्ये फेटाळले गेले आणि शिक्षा भोगून तो मार्च २०१७ मध्ये बाहेर आला. त्याची पाच वर्षे मार्च २०१७ पासून सुरू होतात आणि मार्च २०२२ मध्ये संपतात. जामिनावर काढलेली मधली वर्षे या हिशेबात धरली जात नाहीत.

पाच वर्षे उलटल्यावर कलम ९ मधील बंदी कोणत्याही अर्जाविना आपोआप संपते. मात्र त्यामुळे परवाना मिळण्याचा हक्क निर्माण होत नाही. कलम १४ नुसार अर्जदार कोणत्याही कारणाने अपात्र असल्याचे मानण्यास आधार असल्यास, किंवा सार्वजनिक शांतता व सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास, जिल्हाधिकारी परवाना नाकारू शकतात. जुनी शिक्षा तेथे विचारात घेतली जाऊ शकते. एकच दिलासा असा की नकाराची कारणे लेखी नोंदवणे बंधनकारक आहे आणि सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल तर ती अर्जदाराने मागितल्यावर त्याला द्यावी लागतात. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असेही हेच कलम सांगते.

‘चॅप्टर केस’चा अडथळा

ग्रामीण भागात शिक्षेपेक्षा अधिक वेळा आड येते ती ‘चॅप्टर केस’. शांतता राखण्यासाठी अथवा चांगल्या वर्तणुकीसाठी ज्याच्याकडून बंधपत्र घेण्याचा आदेश झाला आहे, त्यालाही बंधपत्राची मुदत संपेपर्यंत कलम ९ नुसार शस्त्र बाळगता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १०७ आणि ११० या तरतुदी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १२६ आणि १२९ म्हणून आल्या आहेत. शांततेच्या बंधपत्राची मुदत अधिकाधिक एक वर्ष, तर सराईत गुन्हेगारांकडून घ्यावयाच्या बंधपत्राची मुदत अधिकाधिक तीन वर्षे असते.

नुसती नोटीस निघाली, जबाब झाला आणि प्रकरण तसेच पडून राहिले, तर तो ‘बंधपत्राचा आदेश’ होत नाही. त्यामुळे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून त्या प्रकरणाचा शेवट काय झाला, याची प्रमाणित नक्कल घेऊन ठेवणे उपयोगी पडते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ खाली झालेली तडीपारी ही याहून गंभीर बाब होय. ती कमाल दोन वर्षांसाठी असते आणि तिच्याविरुद्ध कलम ६० खाली राज्य शासनाकडे अपील करता येते. अपिलात ती रद्द झाली असेल, तर तो आदेश परवान्याच्या अर्जासोबत जोडणे आवश्यक ठरते.

‘नोंद पुसणे’ म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे की बहुतेक शिक्षांनंतर ठराविक काळ गुन्हा न करता गेला की ती दोषसिद्धी बऱ्याच कामांसाठी ‘कालबाह्य’ मानली जाते. अमेरिकेतील अनेक राज्यांत न्यायालयाकडे अर्ज करून जुनी नोंद पुसून घेता येते अथवा मोहोरबंद करता येते. भारतात प्रौढ व्यक्तीची दोषसिद्धी काळाच्या ओघात आपोआप पुसली जाईल, असा सर्वसाधारण कायदा नाही. तरीही नोंदीचा परिणाम नाहीसा करणारे काही मार्ग कायद्यात विखुरलेले आहेत.

तपासाच्या टप्प्यावरच प्रकरण संपले, तर महाराष्ट्रात पोलीस न्यायालयाला ‘समरी’ अहवाल देतात. गुन्हा खरा पण आरोपी निष्पन्न होत नसल्यास ‘अ’ समरी, फिर्याद जाणूनबुजून खोटी असल्यास ‘ब’ समरी आणि गैरसमजुतीतून वा दिवाणी स्वरूपाच्या वादातून फिर्याद झाली असल्यास ‘क’ समरी. परवान्याच्या दृष्टीने ‘ब’ समरी सर्वात भक्कम. मात्र समरी न्यायालयाने मंजूर केल्याचा आदेश हाती हवा. पोलिसांनी अहवाल पाठवला, एवढे पुरेसे नाही.

गुन्हा मुळातच टिकणारा नसेल, तर तो रद्द करण्याची मागणी उच्च न्यायालयाकडे करता येते. धाराशिव जिल्ह्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आहे. जुन्या संहितेतील कलम ४८२ चा हा अधिकार नव्या संहितेत कलम ५२८ मध्ये आहे. कोणत्या परिस्थितीत गुन्हा रद्द होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या भजनलाल खटल्यात सांगितले आहे. खासगी स्वरूपाच्या वादात तडजोड झाल्यावर गुन्हा रद्द करता येतो, हे २०१२ च्या ग्यानसिंग खटल्यात स्पष्ट झाले. साध्या दुखापतीसारख्या गुन्ह्यांत तर त्याच न्यायालयात आपसात मिटवण्याची सोय आहे आणि अशा मिटवण्याचा परिणाम कायद्याने निर्दोष मुक्ततेइतकाच असतो.

राजकीय व सामाजिक आंदोलनातील खटले मागे घेण्याचे निर्णय राज्य शासनाने वेळोवेळी घेतले आहेत. परंतु शासन निर्णय निघाला म्हणजे खटला संपला असे नव्हे. सरकारी अभियोक्त्याने न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने संमती द्यावी लागते. शासन निर्णयाच्या भरवशावर राहिलेल्या अनेक कार्यकर्त्यांना खटला अद्याप प्रलंबित असल्याचे चारित्र्य पडताळणीच्या वेळीच कळते.

पहिल्यांदाच चूक घडलेल्यांसाठी अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ हा फार मोलाचा कायदा आहे. या कायद्याच्या कलम ३ खाली ताकीद देऊन किंवा कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर न्यायालयाने आरोपीस सोडले, तर कलम १२ नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्याला भोगावी लागत नाही. शिवाय कारावासाची शिक्षाच झालेली नसल्याने शस्त्र कायद्यातील पाच वर्षांची बंदीही लागू होत नाही. शिक्षेच्या मुद्द्यावर युक्तिवाद होत असताना ही मागणी वकिलामार्फत करणे आवश्यक आहे. शिक्षा भोगून बाहेर आल्यावर तिचा उपयोग नाही.

अल्पवयात घडलेल्या गुन्ह्याबाबत बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम २४ आहे. त्यानुसार अपात्रता लागत नाही आणि ठराविक काळाने संबंधित नोंदी नष्ट करावयाच्या असतात. सोळा ते अठरा वर्षे वयोगटातील ज्या मुलाचा खटला निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे बाल न्यायालयात चालून तो दोषी ठरला आहे, त्याला ही सवलत नाही.

शिक्षेला स्थगिती आणि दोषसिद्धीला स्थगिती यांत मोठे अंतर आहे. अपील दाखल झाल्यावर शिक्षेला स्थगिती सहज मिळते. पण त्याने दोषीपणाचा शिक्का जात नाही. दोषसिद्धीला स्थगिती अपवादात्मक परिस्थितीतच दिली जाते. शस्त्र कायद्याखाली दोषी ठरलेला अभिनेता संजय दत्त याने २००९ ची लोकसभा निवडणूक लढवता यावी म्हणून अशी स्थगिती मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. राज्यपालांनी वा राष्ट्रपतींनी शिक्षेत सूट दिली, तरी तेवढ्याने दोषसिद्धी रद्द होत नाही. सूट मिळालेली शिक्षा लवकर संपते आणि पाच वर्षांचे मोजमाप लवकर सुरू होते, इतकाच तिचा येथे उपयोग.

पोलिसांच्या दप्तरातील नाव

न्यायालयात निर्दोष ठरल्यावरही पोलिसांच्या संगणकीय यंत्रणेत गुन्हा क्रमांक आणि आरोपी म्हणून नाव राहते. त्यापुढे निकालाची नोंद झालेली नसेल, तर चौकशी अहवालात ‘गुन्हा दाखल आहे’ असे अर्धवट वाक्य येते आणि घोटाळा होतो. त्यामुळे निकालपत्राची प्रमाणित नक्कल संबंधित पोलीस ठाण्यात व पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी अर्जासह देऊन पोच घेणे ही पहिली पायरी होय.

बोटांचे ठसे, छायाचित्रे व अन्य मापे यांच्याबाबत मात्र कायद्यात स्पष्ट तरतूद आहे. फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ हा ४ ऑगस्ट २०२२ पासून लागू झाला. त्याखाली घेतलेल्या नोंदी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ७५ वर्षे जपून ठेवू शकतो. परंतु पूर्वी कधीही दोषी न ठरलेली व्यक्ती खटल्याविना सुटली, दोषमुक्त झाली किंवा सर्व कायदेशीर मार्ग संपल्यावर निर्दोष ठरली, तर या नोंदी नष्ट करावयाच्या आहेत. दंडाधिकारी अथवा न्यायालयाने लेखी कारणे देऊन वेगळा आदेश दिला असेल, तरच त्या ठेवता येतात.

‘हिस्ट्रीशीट’चा प्रश्न याहून जुना व अधिक वेदनादायी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून रद्द झाला. संशय मात्र रद्द झाला नाही. धाराशिव, बीड, सोलापूर या पट्ट्यातील पारधी वस्त्यांना चोरीची वर्दी आली की पोलिसांची गाडी प्रथम आपल्या दारात येते, याचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका प्रकरणात, केवळ सामाजिक पार्श्वभूमीवरून निरपराध व्यक्तींची नावे अशा दप्तरात चढवली जाऊ नयेत म्हणून राज्यांनी आपल्या पद्धती तपासाव्यात, असे म्हटले. ३ ऑक्टोबर २०२४ च्या तुरुंगांतील जातिभेदाविषयीच्या निकालातही विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याच्या वृत्तीवर न्यायालयाने कठोर टीका केली. ज्यांच्यावर एकही गुन्हा सिद्ध झालेला नाही, त्यांच्यासाठी ‘नोंद स्वच्छ करणे’ याचा अर्थ बंदुकीच्या परवान्यापुरता मर्यादित नाही. नोकरी, भाड्याचे घर आणि रात्रीची शांत झोप हे सारे त्यावर अवलंबून असते.

परवाना रद्द झाल्यास दाद कोठे?

कलम १७ नुसार जिल्हाधिकारी परवाना निलंबित वा रद्द करू शकतात. परवानाधारक कायद्याने अपात्र ठरला, सार्वजनिक शांततेसाठी तसे करणे आवश्यक झाले, माहिती दडवून परवाना मिळवला किंवा अटींचा भंग झाला, ही त्याची प्रमुख कारणे. येथेही कारणे लेखी नोंदवावी लागतात. फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे, एवढ्याच कारणावरून परवाना रद्द करणे योग्य नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयासह अनेक न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे. शस्त्राचा गैरवापर झाला का, ते हाती राहिल्यास शांततेला धोका कसा, याचा विचार आदेशात दिसला पाहिजे.

आदेशाविरुद्ध कलम १८ खाली तीस दिवसांच्या आत अपील करावे लागते. धाराशिवच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध अपील छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय आयुक्तांकडे होते. अपीलकर्त्याचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. तेथेही दाद न मिळाल्यास खंडपीठात रिट याचिकेचा मार्ग उरतो. शस्त्र कायद्याखालील गुन्ह्यात दोषी ठरवताना न्यायालयानेच परवाना रद्द केला असेल आणि पुढे अपिलात दोषसिद्धी रद्द झाली, तर परवाना रद्द करण्याचा आदेशही आपोआप निष्प्रभ होतो.

येथे एक गल्लत टाळावयास हवी. गुन्ह्यातील पुरावा म्हणून जप्त झालेली बंदूक हा ‘मुद्देमाल’ असतो. तिचे काय करावयाचे, हे न्यायालय ठरवते. परवाना संपल्याने वा रद्द झाल्याने कलम २१ खाली पोलीस ठाण्यात अथवा अधिकृत शस्त्र विक्रेत्याकडे ठेवलेली बंदूक ही ‘जमा’ असते. ती परत घेण्याची किंवा पात्र व्यक्तीस विकण्याची मुभा विहित मुदतीपुरतीच असते. मुदत उलटल्यास ती सरकारजमा होऊ शकते. दोन्ही बाबतींत हातात वैध परवाना असल्याखेरीज बंदूक घरी नेता येत नाही. त्यामुळे अपील चालू असताना जमा मुदत वाढवून मागणारा लेखी अर्ज देऊन ठेवणे शहाणपणाचे.

निवडणूक काळातील जमा हा तिसरा प्रकार. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार जिल्ह्यातील छाननी समिती जामिनावर असलेल्या, गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या व पूर्वी दंगलीत सहभागी असलेल्या परवानाधारकांची पडताळणी करून शस्त्रे जमा करून घेते. निकालानंतर आठवडाभराने ती परत करावयाची असतात. या जमेमुळे परवाना रद्द होत नाही.

नव्याने अर्ज करताना

परवाना रद्द होऊन अपिलाची मुदत गेली असेल, तर नव्याने अर्ज करण्यास प्रतिबंध नाही. वय किमान २१ वर्षे हवे. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण आवश्यक आहे. नियमांनुसार पोलिसांनी तीस दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो आणि अहवाल मिळाल्यापासून साठ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांनी निर्णय घ्यावयाचा असतो. पोलिसांचा अहवाल मुदतीत न आल्यास त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभाही कायद्याने दिली आहे.

अर्जाच्या नमुन्यात पूर्वी शिक्षा झाली आहे का, बंधपत्र घेतले गेले आहे का, असे थेट प्रश्न असतात. येथे बहुतेक अर्जदार घाबरतात आणि ‘नाही’ लिहून मोकळे होतात. हीच सर्वात महागात पडणारी चूक होय. पाच वर्षे उलटलेली जुनी शिक्षा कदाचित माफ होईल. पण ती दडवल्याचे उघड झाले, तर माहिती लपवणे हेच परवाना रद्द होण्याचे स्वतंत्र कारण ठरते. नोकरीतील पडताळणीसंबंधी २०१६ च्या अवतारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही खरी व पूर्ण माहिती देण्यावरच भर दिला होता. गुन्हा क्रमांक, कलम, निकालाची तारीख आणि शिक्षा संपल्याची तारीख स्पष्ट लिहून सोबत कारागृहाचा सुटकेचा दाखला जोडणे केव्हाही चांगले.

जिल्ह्यातील मागणीचे एक कारण शेती हे आहे. रानडुकरे, हरणे आणि रोही यांचा उपद्रव भूम, वाशी, कळंब परिसरातील शेतकऱ्यांना नवा नाही. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वर अभयारण्यातील एक वाघ येडशी रामलिंग घाट परिसरापर्यंत पोहोचला, तेव्हा रात्री शेतात पाणी द्यायला जाणाऱ्यांची चिंता आणखी वाढली. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहे. पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन विभागाच्या परवानगीविना रानडुक्कर मारणे हादेखील गुन्हा आहे, आणि तशा एका बाराने पुन्हा नवी नोंद तयार होते.

वडिलोपार्जित बंदूक वाचवण्याची आणखी एक वाट आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यावर अथवा २५ वर्षे शस्त्र बाळगल्यावर, त्याच्या कायदेशीर वारसास परवान्यासाठी अर्ज करता येतो. थोरल्यावर शिक्षेचा डाग असेल, तर निष्कलंक वारस पुढे येऊ शकतो. अर्थात, वारसाचीही चौकशी होते आणि शस्त्र प्रत्यक्षात कोणाच्या ताब्यात राहणार, हे पाहिले जाते.

इतर देशांत काय?

तुलनेने पाहिल्यास भारतातील पाच वर्षांची अट मध्यम स्वरूपाची आहे. ब्रिटनमध्ये तीन वर्षे वा अधिक कारावास झालेल्या व्यक्तीस आयुष्यभर, तर तीन महिने ते तीन वर्षे शिक्षा झालेल्यास सुटकेनंतर पाच वर्षे शस्त्रबंदी असते. अमेरिकेत हक्क घटनेने दिलेला. पण एक वर्षाहून अधिक कारावासास पात्र गुन्ह्यात दोषी ठरल्यास संघीय कायद्याने तो सहसा कायमचा जातो. माफी मिळाली, नोंद पुसली गेली किंवा नागरी हक्क पुन्हा बहाल झाले, तरच तो परत येऊ शकतो. तिकडे हक्क मोठा व गमावल्यास बंदी कायमची. इकडे हक्कच नाही, पण बंदीला शेवट आहे.

तो शेवट कागदावर आहे खरा. परंतु त्यापर्यंत पोहोचण्यासाठी निकालाची नक्कल, शिक्षा संपल्याचा दाखला, पोलीस दप्तरातील दुरुस्ती आणि मुदतीत केलेले अपील या चारही गोष्टी नागरिकालाच जमवाव्या लागतात. न्यायालयातून पोलीस ठाण्यात आणि तेथून जिल्हाधिकारी कार्यालयात निकालाची माहिती आपोआप पोहोचत नाही, तोवर निर्दोष सुटलेल्या माणसाला निकालाची नक्कल खिशात बाळगूनच फिरावे लागेल.